छातीतली गाठ, लघवीची तक्रार आणि आपली लाज



गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्यातर्फे गटवार आरोग्य शिबिरे घेतली जातात, हे आपणास ठाऊक आहेच. एका बाजूला कनात लावून महिलांची तपासणी होते. त्यात स्तनांची तपासणी असते, गर्भाशयाच्या मुखाची असते. दुसऱ्या बाजूला पुरुषांची रांग. त्यांचा रक्तदाब, डोळे आणि साखर. (साखर कारखान्याच्या सभासदाची साखर वाढली तर उतारा चांगला म्हणायचा का, हा विनोद दर वर्षी कोणी ना कोणी करतोच.) सदरा काढून छाती दाखवा, असे पुरुषाला कोणी म्हणत नाही. लघवीला त्रास होतो का, असे कोणी विचारले तर तो मान हलवतो आणि चष्म्याच्या टेबलाकडे सरकतो.

आमच्या मते शिबिराची ही वाटणी बरोबर नाही. स्तनाचा कर्करोग हा बायकांचा रोग आणि प्रोस्टेटचा कर्करोग हा म्हाताऱ्या पुरुषांचा रोग, दोघांचा एकमेकांशी काय संबंध, अशी आपली समजूत असते. परंतु हे दोन्ही रोग एकाच पुरुषाला होऊ शकतात, होतात, आणि जेव्हा होतात तेव्हा ती गोष्ट त्या एका माणसापुरती राहत नाही. त्याच्या भावंडांना, मुलांना आणि विशेषेकरून लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदत असलेल्या लेकींना तिच्याशी कर्तव्य असते. म्हणून या अंकात ऊस दराचा आणि खोडव्याचा विषय थोडा बाजूला ठेवून आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम पुरुषाच्या स्तनाविषयी. हसू नये. मुलगा असो वा मुलगी, वयात येईपर्यंत दोघांच्याही स्तनाग्रामागे तीच पेशींची चकती असते. मुलीत ती पुढे वाढते, मुलात तशीच राहते, नाहीशी होत नाही. जिथे या पेशी आहेत तिथे कर्करोग होऊ शकतो. प्रमाण फार कमी आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पुरुष एखादाच, किंबहुना एकाहूनही कमी. बहुतेक वेळा साठीनंतर होतो. गाठ कडक असते, बहुधा एकाच बाजूला असते आणि दुखत नाही. न दुखणे हीच मोठी फसवणूक आहे. दुखले तर माणूस दवाखान्यात जातो, दुखत नाही म्हणून सुगी उरकू द्या, मग पाडवा होऊ द्या, मग लागण होऊ द्या, असे करत वर्ष काढतो. पुरुषाच्या छातीवर मांस थोडे, त्यामुळे गाठ लवकर कातडीला किंवा खालच्या स्नायूला जाऊन भिडते. स्तनाग्र आत ओढले जाते, त्यातून पाणी किंवा रक्त येते, कातडीवर जखम होते, काखेत गाठ लागते. तोपर्यंत आपण 'गळू असेल' म्हणून हळदीचा लेप लावत बसलेलो असतो. खरे पाहता थोड्या मांसात गाठ हाताला चटकन लागायला हवी. ती लागतेही. पण लागली तरी ती सांगायची कोणाला, हा प्रश्न असतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग दुर्मिळ नाही. जगात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. २०२२ या एका वर्षात जगात याचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. उतारवयात लघवी अडखळते, रात्री चार वेळा उठावे लागते, हे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीने होते, कर्करोगाने नव्हे. कर्करोग सुरुवातीला काही बोलतच नाही. पुढे तो हाडांत, विशेषतः मणक्यात उतरला की कंबर दुखू लागते. आपल्याकडे कंबर कोणाची दुखत नाही? मोळ्या उचलल्या, पाणी पाजायला रात्रभर बांधावर उभे राहिलो, ट्रॅक्टरने हाडे खिळखिळी केली, असे म्हणून माणूस मालिश करून घेतो.

आता दोन्ही रोग एकत्र येण्याविषयी. येथे जरा सावकाश वाचावे, कारण घोटाळा येथेच होतो.

पहिली गोष्ट, निव्वळ योगायोग. दोन्ही रोग उतारवयाचे आणि त्यांतला एक तर बराच आढळणारा. सत्तरीतल्या ज्या माणसाला छातीत गाठ झाली, त्याला पुढे प्रोस्टेटचा त्रास निघाला तर त्यात दरवेळी काही गूढ शोधण्याचे कारण नाही. एकाच वावरात हुमणीही लागावी आणि तांबेराही पडावा, तसे ते असते.

परंतु योगायोग म्हणून सोडून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घराण्यात कोणाला काय झाले होते? कारण काही कुळांत या दोन्ही रोगांचे मूळ एकच असते. आपल्या पेशींत काही जनुके अशी आहेत की त्यांचे काम दुरुस्तीचे. पेशीची वाढ होताना आतल्या साखळीत तुटफूट होते, ती ही जनुके सांधतात. कारखान्यात हंगाम बंद झाल्यावर फिटर मंडळी रोलर, बेअरिंग, पट्टे तपासून दुरुस्त करतात, तेच काम पेशीत अहोरात्र चालू असते. त्यांपैकी एका जनुकाचे नाव बीआरसीए-२. १९९४ साली ब्रिटनमधील मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले आणि १९९५ साली ते नेमके ओळखले गेले. त्याआधी १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या बाईंनी बीआरसीए-१ चा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर लावला होता. त्या वेळी स्तनाचा कर्करोग वारशाने येतो हे म्हणणे अनेक जाणकारांना पटत नव्हते, आणि बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षे घराण्यांच्या वंशावळी गोळा केल्या होत्या.

बीआरसीए-२ मध्ये जन्मतः बिघाड असलेल्या स्त्रीला स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका पुष्कळ वाढतो, हे आता बऱ्याच लोकांनी ऐकले आहे. पुरुषाचे काय, हे कोणी सांगत नाही. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता हजारात एखादी. हा बिघाड असलेल्या पुरुषांत सत्तरीपर्यंत ती शंभरात सहा-सातपर्यंत जाते. प्रोस्टेटचा धोका दुपटीहून अधिक होतो, कमी वयात होतो, आणि झाला तर तो अधिक झपाट्याने पसरणारा असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांची तपासणी केली तर सर्वसाधारणपणे दर दहा-बारा जणांत एकात हा बिघाड सापडतो. म्हणूनच, पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला म्हटले की जनुकीय तपासणी सुचवावी, असा आज जगभर डॉक्टरांचा दंडक आहे. घराण्यात दुसरे कोणी आजारी असो वा नसो.

आईसलँड नावाचे उत्तरेकडचे लहानसे बेट आहे. तेथील लोकांनी शेकडो वर्षांच्या वंशावळी जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून येत आणि कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवीत, तसलाच प्रकार, फक्त तेथे तो कागदावर. तेथे बीआरसीए-२ मधील एकच विशिष्ट बिघाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. १९९० नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की तेथे स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत तोच बिघाड होता. आणि हाच बिघाड असलेल्या तेथील पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला तर तो इतरांपेक्षा लवकर प्राण घेतो, हेही तेथेच स्पष्ट झाले.

आम्हा ऊसकऱ्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. काणी लागलेल्या फडातले बेणे आणले तर पुढच्या फडात काणीचे चाबूक दिसणार, गवताळ वाढीचेही तेच. म्हणून तर आपण मूलभूत बेणे, पायाभूत बेणे, प्रमाणित बेणे अशा पायऱ्या पाळतो, उष्ण बाष्पाची प्रक्रिया करतो, बेणे मळा वेगळा ठेवतो. मात्र उपमा येथेच सोडून द्यावी. एक तर काणी ही लागण आहे, आणि हा बिघाड कोणाकडून कोणाला लागत नाही. दुसरे, आई किंवा बाप यांच्यापैकी एकात तो असला तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे छापा की काटा. एका मुलात येईल, दुसऱ्यात येणार नाही. आणि तिसरे, ज्याच्यात आला त्याला रोग होईलच असेही नाही. बेणे बाद करता येते, माणूस बाद करायचा नसतो. हे स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण अशा गोष्टींचा आपल्याकडे लग्न जुळवताना काय उपयोग होईल ते आम्ही जाणतो.

आणि हा बिघाड बापाकडूनही येतो. हे वाक्य आम्ही ठळक छापावे असे म्हणत होतो. स्तनाच्या कर्करोगाची चौकशी करताना 'आईला होता का, मावशीला होता का' एवढेच विचारले जाते. आत्या, आजोबा, चुलते यांची कोणी चौकशी करीत नाही. बापाला स्वतःला काहीच न होता त्याच्याकडून लेकीकडे बिघाड जाऊ शकतो.

आता हार्मोनची बाजू. हिच्यातही शेतकऱ्याचा हात आहे. १८९६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांची अंडाशये काढून टाकली आणि काहींच्या गाठी विरल्याचे नोंदवले. ही कल्पना त्यांना कशावरून सुचली? व्यालेल्या गाईची अंडाशये काढली तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, अशी काही देशांतील गोपालकांची रीत त्यांच्या वाचनात आली होती. म्हणजे स्तनाचा कारभार अंडाशय चालवते, हे गोठ्यातून दवाखान्यात गेले. पुढे १९४१ साली अमेरिकेत शिकागो येथे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखविले की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसतो. वृषणे काढली किंवा स्त्री-हार्मोनच्या गोळ्या दिल्या की तो आकसतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांनी गोऱ्हे ठेचून बैल केले आहेत आणि त्याचे वशिंड, आवाज, स्वभाव कसा बदलतो ते पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

पण यात एक गाठ आहे. प्रोस्टेटला खुराक पुरुषी हार्मोनचा, स्तनाला स्त्री-हार्मोनचा. एकाचे पाणी तोडायला जावे तर दुसऱ्याच्या पाटात शिरते. स्त्री-हार्मोनच्या गोळ्यांच्या काळात प्रोस्टेटच्या रुग्णांचे स्तन वाढत, आणि काही थोड्या रुग्णांत पुढे स्तनाचा कर्करोग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. आज त्या गोळ्या फारशा वापरल्या जात नाहीत. इंजेक्शने आहेत, बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या आहेत. त्यांनीही छाती हुळहुळते, सुजते. यकृत बिघडल्याने, अंगात चरबी फार वाढल्याने, हृदयाच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनीही (उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन) असे होते. दारूने यकृत गेलेल्या माणसाची छाती बायकी होते, हे गावात सगळ्यांनी पाहिलेले असते, बोलत कोणी नाही. ही सूज म्हणजे कर्करोग नव्हे. ती बहुधा दोन्ही बाजूंना, स्तनाग्राच्या बरोबर मागे, रबरासारखी आणि दुखरी असते. कर्करोगाची गाठ कडक, एका बाजूला आणि न दुखणारी. पण हा फरक बोटांनी ठरवण्याचा अधिकार ना रुग्णाला, ना आम्हाला. डॉक्टरांनी हात लावून, फोटो काढून, सुई घालून तुकडा तपासूनच तो ठरतो.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका वडीलधाऱ्या सभासदांची गोष्ट येथे त्यांच्या संमतीने देत आहोत. नाव, गाव, गट सांगत नाही, आणि कोणी ओळखण्याचा प्रयत्न करू नये. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, उपचार सुरू झाले, तब्येत सावरली. तिसऱ्या वर्षी डाव्या छातीत गाठ लागली. त्यांनी ती पुढच्या तपासणीला भीत भीत दाखवली. तेथील डॉक्टर, कुठले ते महत्त्वाचे नाही, गर्दीत होते. 'औषधाने होतं असं, काळजी करू नका' एवढे म्हणाले. यांना तेच ऐकायचे होते. सात-आठ महिने बंडीच्या आत फडके घालून ते हिंडले, पंचायतीत बसले, कारखान्यावर बैलपोळ्याला आले. बंडी धुताना डाग बाईसाहेबांनी पाहिला. मग दुसरे गाव, दुसरा दवाखाना. तुकडा तपासला तेव्हा प्रश्न निघाला की प्रोस्टेटचाच कर्करोग छातीत उतरला आहे की हा वेगळा? (तसे क्वचित होते. तुकड्यावर विशेष रंग-तपासण्या करून ते ओळखता येते, आणि ते ओळखणे फार महत्त्वाचे, कारण औषध त्यावर ठरते.) तो वेगळा निघाला. घराण्यात कोणाला कर्करोग होता का, या प्रश्नावर त्यांनी 'नाही' म्हणून सांगितले होते. आईकडे खरोखरच कोणाला नव्हता. थोरल्या बहिणीला चाळिशीत छातीला होऊन ती गेली होती आणि चुलते 'मूत्रकोंडा होऊन, कंबर धरून' गेले होते, हे त्यांना त्या प्रश्नाचे उत्तर वाटलेच नव्हते.

रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-२ चा बिघाड सापडला. डॉक्टर म्हणाले, मुलींना बोलवा. त्यावर त्यांचे उत्तर असे: "पोरींना काय बी सांगू नका. सासरी कळलं तर माझ्या नातींची लग्नं व्हायची न्हाईत."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्यात बापाची माया आहे, ती खोटी नाही. ज्या समाजात कोड असलेल्या आत्यामुळे भाचीचे स्थळ मोडते, तेथे ही भीती पोकळही नाही. पण हिशेब मांडून पाहावा. बिघाड असलेल्या स्त्रीला ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तरपर्यंत आणि अंडाशयाचा होण्याची पंधरा-सतरापर्यंत सांगितली जाते. वेळीच कळले तर तरुण वयापासून नियमित एमआरआय आणि इतर तपासण्या करता येतात. मुलेबाळे झाल्यावर अंडाशये काढण्याचा मार्ग आहे. न कळले तर गाठ हाताला लागेपर्यंत वाट पाहायची. स्थळ मोडण्याची भीती एका बाजूला आणि नांदती लेक चाळिशीत जाण्याची भीती दुसऱ्या बाजूला. सातबाऱ्यावर हक्कसोड करून घेताना आम्ही याच लेकींना तहसीलपर्यंत बोलावतो, सही घेतो. तेव्हा सासरी कळण्याची अडचण येत नाही.

शेवटी त्यांच्या पत्नीनेच मुलींना सांगितले. दोघींची तपासणी झाली. थोरलीत बिघाड आहे, धाकटीत नाही. थोरली वर्षातून ठरल्या वेळी तपासणीला जाते. जावयांनी काही वेगळे मानले नाही, उलट गाडी करून तेच घेऊन जातात. सगळीकडे असेच होईल अशी हमी आम्ही देऊ शकत नाही.

परदेशात तरी पुरुष मोकळेपणी बोलतात का? फार नाही. अमेरिकेचे माजी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांना २००२ साली स्तनाचा कर्करोग निघाला आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी ते जाहीर केले. ते पुढे २०१५ पर्यंत, पंच्याण्णव वर्षांचे होईपर्यंत जगले. २०१९ साली गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांना सदऱ्यावर रक्ताचे ठिपके दिसले. तपासणीत स्तनाचा कर्करोग आणि बीआरसीए-२ चा बिघाड दोन्ही निघाले. त्यांनी दूरदर्शनवर येऊन ते सांगितले, आणि यापुढे आपल्याला प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावे लागेल, मुलांनाही तपासणी करावी लागेल, हेही सांगितले. 'स्तनाचा' हा शब्दच पुरुषाला अडवतो, असे त्यांचे म्हणणे. ते 'छातीचा' म्हणा म्हणतात. आमच्याकडे छातीचा म्हटले की लोक टीबी आणि फुप्फुस समजतील, तेव्हा तो तोडगा आम्हाला उपयोगाचा नाही. शब्द आहे तोच वापरून त्याची सवय करून घ्यावी हे बरे.

आमच्या या म्हणण्यावर काही संचालकांनी आणि सभासदांनी खाजगीत आक्षेप घेतले आहेत. एवढ्या दुर्मिळ रोगासाठी कारखान्याने पैसा का घालावा? एफआरपीचे हप्ते वेळेवर द्या, मग बाकीचे करा. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आम्हीही सर्व पुरुषांची मॅमोग्राफी करा असे म्हणत नाही, तसे कोठेच करत नाहीत आणि करण्यात अर्थ नाही. सर्वांची प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी सरसकट करा असेही म्हणत नाही. त्या तपासणीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. म्हातारपणी सुस्त पडून राहणारी गाठही ती शोधून काढते, मग नको तिथे शस्त्रक्रिया होते, लघवीवरचा ताबा जातो. काही प्रयोगशाळा 'फुल बॉडी पॅकेज' म्हणून हे सरसकट विकतात, त्यापासून सावध राहावे. मात्र ज्यांच्यात बिघाड सापडला आहे त्यांचा नियम वेगळा. पस्तिशीपासून स्वतःची छाती स्वतः तपासावी, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, आणि चाळिशीपासून प्रोस्टेटची नियमित तपासणी करावी.

आम्ही मागतो ते फार स्वस्त आहे. शिबिराच्या फॉर्मवर आज 'कुटुंबात कोणास आजार' असा एक रकाना आहे आणि त्यात बहुतेक जण 'निरंक' लिहितात. त्या जागी स्पष्ट प्रश्न छापावेत. आजी, आई, मावशी, आत्या, बहीण, मुलगी यांपैकी कोणास स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग? आजोबा, वडील, चुलते, मामा, भाऊ यांपैकी कोणास प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा वा स्तनाचा? कोणत्या वयात? वारसनोंदीसाठी पाच पिढ्यांची नावे सांगणाऱ्या माणसाला हे सांगता येणार नाही असे नाही. त्याला विचारले जात नाही एवढेच. फॉर्म गट ऑफिसातल्या कारकुनाने भरू नये, आरोग्य कर्मचाऱ्यानेच भरावा आणि तो बंद पाकिटात डॉक्टरांकडे जावा. कोणाच्या घरात काय आहे हे ऊस नोंदीच्या रजिस्टरशेजारी पडून राहता कामा नये.

पुरुषांच्या बाजूलाही कनात लावावी. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची छाती आणि काख डॉक्टरांनी दोन मिनिटे हाताने पाहावी. जे प्रोस्टेटचे उपचार घेत आहेत त्यांची तर जरूर पाहावी. उलट ज्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला आहे त्याने लघवीच्या तक्रारी आणि प्रोस्टेटचा विषय आपल्या डॉक्टरांकडे काढावा. खरी अडचण अशी आहे की प्रोस्टेटवाले डॉक्टर कमरेच्या वर पाहत नाहीत आणि स्तनवाले कमरेच्या खाली. दोन दवाखाने, दोन फायली. स्तनाचा कर्करोग बहुतेक पुरुषांत स्त्री-हार्मोनवर पोसणारा असतो. त्यावर शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. प्रोस्टेटसाठी चाललेले हार्मोनचे उपचार तेथल्या डॉक्टरांना माहीत नसतील तर कसे चालेल? तेव्हा दोन्ही फायली एका पिशवीत ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी दोन्ही दाखवाव्यात. आणखी एक. ओलापॅरिब नावाचे औषध पेशीतील दुरुस्तीची दुसरी वाट बंद करते, त्यामुळे बिघाड असलेल्या कर्करोगाच्या पेशी तगू शकत नाहीत. अमेरिकेत बीआरसीए असलेल्या स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला २०१८ साली आणि प्रोस्टेटसाठी २०२० साली मान्यता मिळाली. औषध महाग आहे. पण घराण्याचा इतिहास सांगितलाच नाही, तर हे औषध आपल्याला लागू आहे हेसुद्धा कळणार नाही.

पैशाचे म्हणाल तर हाताने तपासणीला खर्च नाही. सुईची तपासणी परवडते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा समावेश महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे. जनुकीय तपासणी मात्र काही हजारांपासून पुढे जाते. पण घरातल्या एकाचा बिघाड नेमका कळला की बाकीच्यांची त्याच एका जागेची तपासणी करावी लागते आणि ती स्वस्तात होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे यासाठी स्वतंत्र सल्ला विभाग आहे. आणि दूरचेच कशाला, आपल्या ऊसपट्ट्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते, तशी नोंद ठेवणारे ते देशातील पहिले ग्रामीण केंद्र. खेड्यातला माणूस आपला आजार सांगत नाही, असे म्हणणाऱ्यांना बार्शीने चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. विश्वासाने घरापर्यंत जाऊन विचारले की तो सांगतो.

ऊसतोडणी टोळ्यांमधील पुरुषांनाही हेच फॉर्म लागू करावेत. ते सभासद नाहीत, पण आपलाच ऊस तोडतात. टोळी हंगाम संपवून परत गेल्यावर तपासणीचा निकाल मुकादमामार्फत न पाठवता त्या माणसाच्याच हाती कसा जाईल, याचा विचार शेती खात्याने करावा. आम्हाला अद्याप त्याचा समाधानकारक मार्ग सुचलेला नाही.

फॉर्मचा कच्चा मसुदा सर्व गट ऑफिसात ठेवला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी तो वाचावा आणि दुरुस्त्या लेखी द्याव्यात. महिला सभासदांनी विशेष करून द्याव्यात, कारण पुरुषांना अजून काय विचारायचे राहिले आहे हे त्यांनाच अधिक माहीत असते.